‘अपरिहार्य’च्या आड कोण?

इंग्रजीतल्या ‘इनएव्हिटेबली’चं आपल्याकडे सरसकट ‘अपरिहार्यपणे’ होतं. ‘कार्यक्रम अपरिहार्यपणे उशिरा सुरू झाला’ असं वाक्य छापून आलेलं दिसलं की मला राहवत नाही. इंग्रजीत या शब्दाला दोन कामं आहेत. एक, जे कशानेच टळत नाही ते सांगणं. दुसरं रोजच्या बोलण्यातलं, हलकं : नेहमी होतं तेच याही वेळी झालं. या दुसऱ्यासाठी आपल्याकडे ‘हटकून’ आहे, ‘हमखास’ आहे. छत्री घरी राहिली की हटकून पाऊस येतो. पहिल्या कामालाही पुष्कळदा नुसता ‘च’ पुरतो : पाणी उताराकडे जाणारच.

पण शब्द जड आहे, एवढ्यावर मी अडलो नसतो. त्याच्याआड कर्ता दडतो, हे मला जास्त खुपतं. ‘पाणीपट्टीवाढ अपरिहार्य’ असा मथळा घ्या. वाढ सुचवली कुणी, मंजूर कुणी केली, दुसरे मार्ग कोणते होते, यातलं काहीच त्यात उरत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘अपरिहार्य’ येतं ते जन्म-मृत्यूविषयी. तिथे ते शोभतं. पाणीपट्टी माणसं ठरवतात.

कर्ता दडण्याचा हा प्रश्न इतिहासाचा विचार करणाऱ्यांनी फार गांभीर्याने घेतला. जे झालं ते होणारच होतं असं मानलं, तर कुणालाही जबाबदार कसं धरणार, हा मुद्दा विचारवंत आयझाया बर्लिन यांनी १९५३ मध्ये लंडनमधल्या एका व्याख्यानात मांडला. इतिहासकार ई. एच. कार यांना बर्लिन यांचं म्हणणं पटलं नव्हतं. ‘व्हॉट इज हिस्टरी?’ या १९६१ च्या पुस्तकात त्यांनी त्याचा जोरदार प्रतिवाद केला. तरी शब्दाची वेळ आली तेव्हा तेही सावध झाले. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर बोल्शेविक आणि ऑर्थोडॉक्स चर्च यांचा संघर्ष अटळ होता, असं त्यांनीच पूर्वी लिहिलं होतं. ‘अत्यंत संभाव्य’ म्हणणं जास्त शहाणपणाचं ठरलं असतं, असं त्यांनी मान्य केलं. एवढा कार्यकारणभाव मानणारा माणूस हे म्हणतो, याला मी फार मोल देतो.

म्हणून उपसंपादकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘पालिकेने पाणीपट्टी वाढवली, दुसरा मार्ग नव्हता, असं आयुक्त म्हणतात’ असं लिहा. मथळा सात शब्दांनी लांबेल, पण दुसरा मार्ग खरंच नव्हता का, हे कुणाला विचारायचं ते वाचकाला कळेल.