डिहायड्रेशन म्हणजे काय?

आमच्या बाळूला श्रावणात जुलाब लागले. आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मी पण गेले. डॉक्टर म्हणाले, "डिहायड्रेशन आहे," आणि पुड्या दिल्या. आईला वाटले काहीतरी मोठा रोग झाला. ती वाटभर रडली. आजी म्हणाली, "पोटात पाणी झालंय, आता पाणी देऊ नका." बाळूचे डोळे खोल गेले. जीभ सुकली. रडला तरी डोळ्यांत पाणी येईना.

संध्याकाळी आशाताई आल्या. म्हणाल्या, "अहो, डिहायड्रेशन म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. पाणी बंद कशाला करता?" त्यांनी पाणी उकळून गार केले. १ लिटर मोजून पूर्ण पुडी त्यात टाकली. हीच जलसंजीवनी. चमच्या-चमच्याने पाजली. अंगावरचे दूधही चालू ठेवायला सांगितले. रात्री बाळूने शू केली तेव्हा आई हसली.

माझे मत असे आहे, की डॉक्टरांनी "अंगातलं पाणी कमी झालंय" एवढेच म्हणावे. ते आजीलाही कळते. आपणही विचारावे. आई म्हणते, लाज वाटते. वर्गात आम्ही बाईंना दहादा विचारतो, त्या कुठे रागावतात?

आजीच्या कागदावर "ॲनिमिया" लिहिले आहे. आशाताई म्हणाल्या, अंगात रक्त कमी. मग तसेच लिहायचे ना!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी