टोपली रिकामी निघाली तरी



गेल्या मार्चमध्ये आम्ही वेळासला जाऊन आलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून मोठ्यांना ठाऊक असेल, आता ते कासवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. बुऱ्हाणपूरहून रात्रीच्या गाडीने कल्याण, पुढे भाड्याची गाडी आणि बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी पार. सहा वर्षांच्या लेकीचा वाटभर एकच प्रश्न, "बाबा, पिल्लं आपली वाट बघतील ना?"

नाही बघितली. सकाळी दोरीमागे आम्ही बरीच मंडळी उभे होतो. कासवमित्र दादांनी हॅचरीतल्या टोपल्या एकेक करून उचलल्या. सगळ्या रिकाम्या! लेक रडायला लागली. खरं सांगतो, रजा टाकून एवढ्या लांब आलेला मीही वैतागलो होतो.

दादा मात्र शांत होते. "आज नाही, उद्या निघतील," म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. दुपारी आम्हाला परतायचं होतं, त्यामुळे एकही पिल्लू न बघता आम्ही घरी आलो.

गाडीत बसल्यावर डोक्यात तेच घोळत होतं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. मागे उरतात त्या फक्त वाळूवरच्या खुणा. त्या कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी माणसाला दिसायला हव्यात. म्हणून थंडीपासून रोज कुणीतरी किनारा चालतं, अंडी हॅचरीत हलवतं, पुढे दीड-दोन महिने राखण करतं. आपण बघायला जातो तो सोहळा जेमतेम अर्ध्या तासाचा.

हे काम २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने सुरू केलं. तेव्हा इथली अंडी चोरून नेली जायची. संस्थेने गावालाच सोबत घेतलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली, आणि कासव जगण्यात गावाचाही फायदा झाला.

घरी आल्यावर एका संध्याकाळी आजीसोबत राजघाटावर गेलो होतो. लेकीने विचारलं, "आपली तापी कुठे जाते?" मी सांगितलं, मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. "म्हणजे कासवांच्याच समुद्रात?" हो, त्याच. तिने पायरीजवळ तरंगणाऱ्या निर्माल्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. मला उत्तर सुचलं नाही.

मंडळाच्या बैठकीत विषय काढला, तर एक मित्र म्हणाला, "अरे, वाटेत हतनूर आहे, उकाई आहे. तुझी पिशवी समुद्रापर्यंत पोचेल कशाला?" मुद्दा बरोबर होता. बरंचसं धरणात अडकत असेल. पण पिशवी उन्हात कुजत नाही, तिचे बारीक तुकडे होतात, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाण्याबरोबर तेही पुढे जातात. अडकलेलं तरी आपल्याच नदीत राहतं ना?

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारे स्वच्छ करतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्ही घाटावर जमलो. बावीस जण आले, बॅनर लावला, फोटो काढले. पुढच्या महिन्यात पाच. त्यात आम्ही घरचेच तिघं! वाटलं, सोडून द्यावं. मग त्या रिकाम्या टोपल्या आठवल्या. दादांनी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उचलल्या असतीलच.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात ते आठ आम्ही राजघाटावर असतो. गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिकचे हार, पिशव्या गोण्यांत भरतो. निर्माल्य वेगळं काढतो, त्याचं खत होतं. कधी चार जण असतो, कधी नऊ. भाषण नाही, बॅनर नाही. नंतर पोहे आणि चहा मात्र नक्की.

तुम्हीही या, मुलांना घेऊन या. हातमोजे आणि एक जुनी गोणी आणा. टोपली आमची लेक आणते.