लेकुरवाळ्यांची रांग वेगळी हवी

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला प्रवास नवा नाही. मुंबईच्या डबेवाल्यांत या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि मांडीवर मूल घेऊन एसटीने माळशेज घाट उतरणाऱ्या बायकांना प्रवास कुणी शिकवावा लागलेला नाही. आता याच घरांतल्या लेकी-सुना बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेला असतात आणि नातवंडे आजोळी येतात ती विमानाने. खेड-चाकण परिसरात व्हायचा विमानतळ २०१६ मध्ये पुरंदरकडे सरकला आणि मंचर-नारायणगावकरांना पुण्याचे लोहगावच उरले. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यामुळे घाटाखालची आणखी एक वाट उघडली, एवढाच काय तो दिलासा. पहाटेच्या विमानासाठी ओतूरहून मध्यरात्रीच निघावे लागते, कारण चाकणचा चौक किती वेळ खाईल याचा भरवसा नसतो. मूल सुरक्षा तपासणीच्या रांगेत पोचते तेव्हा त्याची झोप मोडलेली असते आणि आईबापांचा धीर संपत आलेला असतो. नेमकी तिथेच यंत्रणा त्यांच्याकडून सर्वांत जास्त चपळाई मागते.

आपल्याकडे अंगझडती पुरुषांची वेगळी आणि बायकांची पडद्याआड वेगळी होते. ते योग्यच आहे. पण त्यामुळे कुटुंब ऐन तपासणीत दुभंगते. आई तान्ह्याला घेऊन एका रांगेत, बाप दुसऱ्या रांगेत, तीन वर्षांचे थोरले कुणाचा हात धरावा या विचारात मधेच उभे, आणि पिशव्या, मोबाइल, लॅपटॉप, घडी घातलेली बाबागाडी ही सगळी वरात पट्ट्यावरून आपली आपण पुढे गेलेली. पलीकडे ट्रे साचतात, पट्टा अडतो, मागचे लोक चुळबुळू लागतात. खोळंबा पोरांनी केला असे सगळ्यांना वाटते. वास्तविक ही सगळी मांडणी एकट्या प्रवाशाला धरून केलेली आहे: एक माणूस, एक बॅग, दोन मोकळे हात. कडेवर मूल असले की एकच हात उरतो, हे आखणी करणाऱ्याने हिशेबात धरलेले नाही. त्यावर उपाय फार खर्चाचा नाही. एक रांग लहान मुलांच्या कुटुंबांसाठी राखावी. तिथे ट्रे लावायला लांब टेबल असावे आणि पलीकडे बसायला बाक. आधी एका पालकाची तपासणी व्हावी, तोवर दुसऱ्याने मुलांना सांभाळावे, मग अदलाबदल. लोहगावचे नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून वापरात आहे, तेव्हा जागा नाही ही जुनी सबब आता तितकीशी पटत नाही.

दुसरी अडचण माहितीची. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये पेयांच्या बाटल्यांतून स्फोटके विमानात नेण्याचा कट उघड झाला आणि १०० मिलिलिटरची मर्यादा जगभर पसरली. या मर्यादेतून बाळाचे दूध आणि खाणे वगळलेले आहे, भारतातही. तरी ते काढून घेतील या भीतीने किती आया दूध आधीच ओतून टाकत असतील आणि नाचणीसत्त्वाचा डबा घरीच ठेवत असतील! सवलत कागदावर असून भागत नाही, ती रांगेच्या तोंडाशी मराठीत ठळक लिहिलेली हवी. अमेरिकेने २०१६ मध्ये खास कायदा करून तपासणी कर्मचाऱ्यांना आईचे दूध, बाळाचे दूध आणि दूध काढायचा पंप कसा हाताळायचा याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बूट काढायला लावायचे नाहीत, हे तर तिथे २०११ मध्येच ठरले, आणि जुलै २०२५ पासून कुटुंबांच्या स्वतंत्र रांगाही सुरू झाल्या. सप्टेंबर २००१ चा घाव सोसलेल्या देशाला जे परवडते, ते आपल्याला का परवडू नये?

यावर पहिला आक्षेप येईल तो घातपाताचा. लहान मुलांसाठी दार सैल केले तर वाईट माणूस मुलाचाच आडोसा घेईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १७ एप्रिल १९८६ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका गरोदर आयरिश तरुणीच्या बॅगेत बॉम्ब सापडला. तो तिच्या होणाऱ्या नवऱ्याने ठेवला होता आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पण तो बॉम्ब पकडला गेला कसा, हेही पाहिले पाहिजे. इस्रायली विमान कंपनीच्या सुरक्षारक्षकांनी तिच्याशी शांतपणे बोलून प्रश्न विचारले आणि बॅग नीट तपासली म्हणून. घाईगर्दीत, रडणाऱ्या पोरांच्या कलकलाटात आणि मागच्यांच्या शेऱ्यांत अशी तपासणी होत नाही. वेगळ्या रांगेत जवानाला वेळ मिळतो. तिथे एकही बॅग, एकही बाटली तपासणीवाचून सुटू नये. सोय मागायची ती क्रमाची आणि जागेची, सूट नव्हे. दुसरा आक्षेप इतर प्रवाशांच्या वेळेचा, आणि तो तर उलटाच लागू पडतो: बाबागाड्या वेगळ्या झाल्या की बाकीचे पट्टे मोकळे धावतील. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान अनेकदा स्वतःहून लेकुरवाळीला पुढे बोलावतात, मग नियम कशाला, असेही कुणी म्हणेल. त्या जवानांची माणुसकी खरी आहे, पण ती पाळीनुसार बदलते. नागरी विमान सुरक्षा ब्युरोने ती लेखी केली तर पहाटे चारच्या आईला कुणाच्या मर्जीकडे डोळे लावून बसावे लागणार नाही.

एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष उभारणाऱ्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये. ती विमानतळापुरती ठेवायचेही कारण नाही. शिवनेरीवर १९ फेब्रुवारीला मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत शिवजन्माचा पाळणा हलवला जातो, आणि त्याच वेळी बंदोबस्तामुळे लोक अडकून पडतात. २०२३ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी सामान्य शिवभक्तांना अडवल्याबद्दल गडावरच नाराजी बोलून दाखवली होती. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारशात गेले, म्हणजे गर्दी वाढेल आणि तपासणीही. पुढच्या शिवजयंतीची आखणी होईल तेव्हा पायथ्याशी लेकुरवाळ्यांची वेगळी रांग लावायला एक दोरी, एक पाटी आणि दोन महिला पोलीस पुरतील.