ज्याला गरज आहे, तो न्याय कसा करील?



देव मरू शकतो का? भक्त कमी झाले तर देवाची ताकद कमी होते का? आठवी-नववीतले मूल असा प्रश्न विचारते तेव्हा घरातली मोठी माणसे दचकतात. 'तौबा, तौबा' म्हणत विषय तिथेच मिटवतात. पण मुलाने हा प्रश्न आणला कुठून, हे कोणी विचारत नाही. आम्ही वर्गात विचारून पाहिले. उत्तर मिळाले, 'खेळातून.'

म्हणून या वेळी त्या खेळाविषयी थोडे बोलू. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, तर कोणी 'क्लेरिक', म्हणजे एखाद्या देवाचा पुजारी. वार लागला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. याच खेळाच्या नियमांवर आणि याच जगावर बेतलेला 'बाल्डर्स गेट ३' हा संगणकावरील खेळ २०२३ साली आला. तिथे क्लेरिक व्हायचे असेल, तर सुरुवातीलाच समोर देवांची यादी येते. त्यातून एकाला निवडायचे आणि पुढे चालायचे.

या खेळाची अनेक जगे आहेत. त्यांतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध जग 'फरगॉटन रेल्म्स'. ते एड ग्रीनवूड या कॅनडातील लेखकाने रचले आणि १९८७ साली खेळाच्या रूपात बाजारात आले. तिथे जादूची वेगळी देवी आहे, युद्धाचा वेगळा देव आहे, मृत्यूचा आणखी वेगळा. पुजारी रोज प्रार्थना करतो आणि त्याचा देव त्याला त्या दिवसापुरते मंत्र देतो. देवाने पाठ फिरवली, तर मंत्रही गेले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. या जगाच्या कहाणीत दोन देव नियतीच्या पाट्या चोरतात. सर्व देवांच्या वर असलेला 'एओ' त्यामुळे संतापतो आणि सगळ्या देवांना मर्त्य शरीरात पृथ्वीवर ढकलून देतो. त्या गोंधळात काही देव मारले जातात आणि त्यांच्या जागी पुढे काही माणसेच देव होऊन बसतात. शेवटी एओ नवा कायदा करतो : यापुढे प्रत्येक देवाची शक्ती त्याच्या भक्तांच्या संख्येवर आणि निष्ठेवर अवलंबून राहील. भक्त वाढले तर देव बलवान. भक्त संपले तर देवही संपला.

म्हणजे मुलांनी प्रश्न हवेतून आणलेला नाही. त्या जगापुरते त्याचे उत्तर 'होय' असेच आहे.

त्या जगातली आखिरत कशी आहे, तेही पाहू. माणूस मेला की त्याचा आत्मा एका करड्या, ओसाड मैदानात जातो. तिथे तो वाट पाहतो. ज्या देवाची त्याने आयुष्यभर भक्ती केली, त्या देवाचे दूत येतात आणि त्याला आपल्या मुलखात घेऊन जातात. ज्याला न्यायला कोणीच येत नाही, तो मृतांच्या न्यायाधीशापुढे उभा राहतो. ज्याने आपल्या देवाशी दगा केला, त्याला त्याच्या अपराधाप्रमाणे शिक्षा होते. आणि ज्याने कोणत्याच देवाला मानले नाही, त्याला एका भिंतीत चिणतात. ती भिंत अशाच आत्म्यांची बनलेली आहे. हिरवी बुरशी त्यांना धरून ठेवते आणि हळूहळू ते विरघळून नाहीसे होतात.

यात मुलांना सर्वांत जास्त खटकते ती हीच भिंत. ती म्हणतात, 'त्याने कोणाचे वाईट केले नसेल तरी?' हो, तरीही.

हा प्रश्न त्या जगाच्या लेखकांनाही सुटला नाही. १९९८ साली आलेल्या एका कादंबरीत त्याची हकिकत आहे. केलेमव्होर हा पूर्वी पैसे घेऊन लढणारा साधा माणूस. पुढे तो मृतांचा देव आणि न्यायाधीश होतो. त्याचे मन दयाळू. तो ठरवतो की माणसाने कोणाची पूजा केली हे न पाहता त्याची कर्मे पाहायची. चांगल्याला चांगली जागा, दुष्टाला वाईट. ऐकायला किती योग्य वाटते! पण लोकांना हे कळते, तेव्हा ते इतर देवांच्या पूजेबाबत बेफिकीर होतात. चांगले वागलो की पुरे, मग यांची भक्ती कशाला? भक्ती आटली की देवांची शक्ती आटते. मग ते देव केलेमव्होरवरच आरोप ठेवतात. शेवटी त्याला आपली दया बाजूला ठेवावी लागते. पुन्हा एकच प्रश्न उरतो : तू तुझ्या देवाशी एकनिष्ठ होतास की नाही?

वाचकहो, या ठिकाणी आम्ही मुलांना थांबवतो आणि विचारतो, 'खटला कोणाचा होता आणि त्यात नफा-तोटा कोणाचा होता?' मुले हुशार असतात. एक जण म्हणाला, 'ज्यांची दुकाने बंद पडत होती, तेच पंच झाले.' याहून नेमके उत्तर आम्हालाही सुचले नसते.

मराठीत म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. आम्ही तीत एवढेच जोडू की, गरजवंताला न्यायही करता येत नाही. ज्याला माझ्या सजद्याची गरज आहे, तो माझा निवाडा करताना आधी स्वतःचा हिशेब पाहणार. त्या जगातले देव वाईट आहेत म्हणून तिथला न्याय बिघडला, असे नाही. केलेमव्होर तर भला होता. न्याय बिघडला तो गरजेमुळे.

सूरह इख्लास आपली लहान मुलेही पाठ म्हणतात. तीत अल्लाहचे एक नाव आहे, 'अस्समद'. ज्याच्याकडे सर्वांना धाव घ्यावी लागते आणि ज्याला स्वतःला कोणाचीही गरज नाही, तो. आपण ते पाठ करून घेतो, पण त्याचा न्यायाशी काय संबंध आहे, हे क्वचितच समजावून सांगतो. सगळे जग इबादत करू लागले तरी त्याच्या राज्यात भर पडत नाही. सगळ्या जगाने तोंड फिरवले तरी काही घटत नाही. नमाजची गरज आपल्याला आहे, त्याला नाही. म्हणून त्याचा तराजू एका बाजूला झुकण्याचे कारणच उरत नाही.

कोणी म्हणेल, ईमानाची अट तर आपल्याकडेही आहे. आहेच, आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे ईमानासोबत कर्मांचे वजनही होते आणि कणभर नेकीसुद्धा वाया जात नाही. शिवाय अमुक माणसाचे आखिरतमध्ये काय होईल, हा निकाल देण्याचे काम आपल्याकडे सोपवलेले नाही. शेजाऱ्याला भिंतीत चिणण्याचा अधिकार मुलांनी घेऊ नये, हेही याच निमित्ताने त्यांना सांगावे.

आता दुसरी बाजू. या खेळात मेलेल्या सोबत्याला परत आणण्याचे मंत्र आहेत. त्यांना भाव ठरलेला आहे. मृत्यूला एक मिनिटही झाले नसेल तर तीनशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा. दहा दिवसांच्या आत असेल तर पाचशेचा. शंभर वर्षांपर्यंत हजाराचा. हिरा मंत्रात खर्ची पडतो. ज्याच्याकडे हिरा नाही, त्याचा माणूस गेला तो गेलाच.

आमच्या एका विद्यार्थ्याचे अब्बू गेल्या वर्षी वारले. तो मावसभावांबरोबर हा खेळ खेळतो. मधल्या सुट्टीत त्याने आम्हाला हिऱ्यांचा हा हिशेब मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. मग जरा थांबून म्हणाला, 'खरंच असा हिरा असता, तर अम्मीने बांगड्या विकून आणला असता.'

त्या क्षणी 'असे बोलू नये' म्हणणे सोपे होते. आम्ही म्हणालो नाही. मुलगा खेळाविषयी बोलत नव्हता, अब्बूंविषयी बोलत होता. आम्ही त्याला विचारले, 'अब्बूंसाठी तू काय करतोस?' त्याला वाटत होते की आता करण्यासारखे काही उरलेच नाही. मग बोलणे निघाले. त्यांच्यासाठी दुआ करता येते. त्यांच्या नावाने सदका देता येतो. त्यांचे कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडता येते. त्यांच्या मित्रांना भेटून सलाम करता येतो. यातल्या दुआला आणि सलामाला एक पैसाही लागत नाही. विधवेच्या मुलाची दुआ आणि शेठजींच्या मुलाची दुआ यांना वेगवेगळा भाव नाही. पुढच्या शुक्रवारी तो अब्बूंच्या एका मित्राच्या दुकानात जाऊन आला, एवढे त्याने आम्हाला सांगितले.

याच खेळाचे आणखी एक जग आहे, 'एबेरॉन'. कीथ बेकर यांनी रचलेले हे जग २००४ साली प्रसिद्ध झाले. तिथे देव रस्त्यावर फिरत नाहीत आणि ते आहेत की नाहीत, याचा पुरावा कोणाकडे नसतो. पुजाऱ्याला बळ मिळते ते त्याच्या श्रद्धेतून. फरगॉटन रेल्म्समध्ये देव आहे हे सर्वांनाच माहीत असते, तिथे फक्त पक्ष निवडायचा असतो. न पाहता मानणे, ज्याला आपण 'ईमान बिल-गैब' म्हणतो, ते काय असते हे मुलांना समजावताना या दोन जगांची तुलना आम्हाला उपयोगी पडली.

असे खेळ खेळावेत की नाही, हा मसला आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावा. आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. खेळात वेळ किती जातो आणि नमाज चुकते का, हे तर आई-वडिलांनी पाहायलाच हवे. पण मूल खेळत असेल, तर निदान एकदा त्याच्याजवळ बसा. त्याला तीन प्रश्न विचारा. तुझ्या खेळातल्या देवाला तुझ्याकडून काय हवे आहे? तिथे न्याय कोण करतो आणि त्याचा त्यात काय फायदा? गरिबाचा माणूस मेला तर काय होते?

उत्तरे मुलाला देऊ द्या. मग 'अस्समद'चा अर्थ तुम्ही सांगा. पाठ केलेला शब्द त्याला तेव्हा खऱ्या अर्थाने कळेल, इन्शाअल्लाह.