ऑफिसातले जुने कॉम्प्युटर शाळेला ‘भेट’ मिळतात, पण अकलूजसारख्या गावाने त्यांचं करायचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटसाठी आणखी वर्षभराची सवलत मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. म्हणजे व्यवस्थित चालू असलेले असंख्य कॉम्प्युटर केवळ कागदोपत्री म्हातारे झाले.

आता ही मशीन जाणार कुठे? बँका, कंपन्या, सरकारी कार्यालयं ती बदलणार. त्यातली काही भंगारवाल्याकडे जातील. उरलेल्यांतली बरीचशी एखाद्या शाळेत, वाचनालयात, तरुण मंडळाच्या खोलीत ‘भेट’ म्हणून पोहोचतील. हार घातले जातील, फोटो निघेल, तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरेल.

खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि तो अकलूजसारख्या ठिकाणी जास्त टोकदार आहे.

अकलूज म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं नीरा नदीकाठचं मोठं गाव. अगदी अलीकडेपर्यंत इथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. सहकारी साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, शाळा, कॉलेज असं सगळं एकाच गावात. म्हणजे जुने कॉम्प्युटर देऊ शकतील अशी कार्यालयंही इथेच आणि ते घेऊ शकतील अशा संस्थाही इथेच. अशा गावात मशीन मिळणं अवघड नाही. मिळालेल्या मशीनला काम मिळणं अवघड आहे.

वारणेत काय झालं होतं?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. साखर कारखान्याच्याच पट्ट्यात, वारणानगरला, १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेजेस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्राच्या पुढाकाराने, राज्य सरकार आणि वारणा समूहाच्या साथीने कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी कॉम्प्युटर केंद्रं उभी करायची होती. तो काळ असा की गावात लँडलाइन फोन असणं हीच मोठी गोष्ट. स्वप्नंही तशीच मोठी होती. बाजारभाव, पिकांचा सल्ला, जमिनीची कागदपत्रं, सगळं गावात बसून मिळणार होतं.

प्रत्यक्षात ही केंद्रं टिकली ती मुख्यतः एका कामावर. उसाच्या नोंदी. किती ऊस गेला, वजन किती भरलं, तोडणीची परवानगी कधी, खत किती उचललं, ही माहिती गाव आणि कारखाना यांच्यात ये-जा करत होती. बाकीच्या स्वप्नांचा फारसा वापर झाला नाही.

मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्याच बेंगळुरूच्या संशोधन विभागातले लोक तिथे गेले. त्यांनी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. केंद्रातला कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि तेच काम साध्या मोबाईलवरच्या एसएमएसवर आणलं. निष्कर्ष असा निघाला की कॉम्प्युटर जे करत होता ते सगळं फोनवर झालं, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी कॉम्प्युटर हलवून दाखवला, ही त्यातली गंमत.

वारणेची ही गोष्ट अपयशाची म्हणून सांगितली जाते, पण तिचा उपयोग वेगळा आहे. ती एक साधी कसोटी देते. जे काम फोनवर होतं, ते जुन्या कॉम्प्युटरला देऊ नका. आज उसाचं वजन मोबाईलवर येतं, बाजारभाव मोबाईलवर दिसतो, सातबारा मोबाईलवर निघतो. त्यासाठी कुणी वाचनालयातल्या दहा वर्षं जुन्या मशीनसमोर रांग लावणार नाही. ‘गावासाठी इंटरनेट केंद्र’ ही कल्पना उद्घाटनाच्या भाषणात छान वाटते, पण ती आता वीस वर्षं उशिरा आली आहे.

मग फोनवर काय होत नाही?

सगळ्यात पहिलं, टायपिंग.

राज्यात क्लार्कच्या सरकारी नोकरीसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हा वेग मागितला जातो. त्यासाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा असते. क्लासमध्ये बॅच मिळते ती तासाभराची. वेग मात्र रोजच्या सरावाने येतो, आणि घरी कीबोर्ड नसलेल्या मुलाला तो सराव करायला जागाच नसते. फोनच्या काचेवर अंगठ्याने कितीही भराभर मेसेज लिहिले तरी त्याचा इथे उपयोग शून्य.

आणि टायपिंगच्या सरावाला काय लागतं? स्क्रीन, नीट चालणारा कीबोर्ड, युनिकोड मराठी. इंटरनेटही लागत नाही. २०१० चं मशीन या कामाला २०२५ च्या मशीनइतकंच चांगलं आहे. अकलूजच्या आसपासच्या खेड्यांतली मुलं स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी गावात येतात, अभ्यासिकेत दिवसभर बसतात. तिथल्या एका कोपऱ्यात चार टेबलं टाकली तर ही मशीन दिवसभर मोकळी राहणार नाहीत. एकच काळजी घ्यायची. ज्या कीबोर्ड मांडणीत परीक्षा द्यायची तीच मांडणी सरावाच्या मशीनवर हवी. नाहीतर बोटांना चुकीची सवय लागते आणि ती मोडायला महिने जातात.

दुसरं काम वाचनालयाचं. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत अजूनही पुस्तकांची नोंद दाखलपुस्तकात असते आणि कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ग्रंथपालाच्या डोक्यात. ग्रंथपाल निवृत्त झाले की निम्मं वाचनालय हरवतं. पाच-सहा हजार पुस्तकांची यादी म्हणजे एका साध्या तक्त्याचं काम आहे. लिब्रेऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जुन्या मशीनवर आरामात होतं. यादी भरायला मात्र माणूस बसवावा लागतो. टायपिंग शिकणाऱ्या मुलांनाच रोज तीस पुस्तकांची नोंद सरावाला दिली तर दोन्ही कामं एकदम होतात.

तिसरं, हिशेब. कॉमर्सच्या मुलांना टॅली येत नाही अशी तक्रार नेहमीची. टॅलीची शिकण्यापुरती मोफत सोय असते, तीत महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं. त्यासाठी एक-दोन मशीनवर जुनं विंडोज ठेवता येईल. अट एवढीच की त्यांचं इंटरनेट कायमचं काढून टाकायचं. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँकेचं, पगाराचं किंवा आधारचं काम करणं म्हणजे कडी न लावता झोपण्यासारखं आहे.

आणि चौथं काम, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, ते म्हणजे ही मशीन उघडून शिकणं. दहा मिळाली तर दोन चालणारच नाहीत. ती फेकण्यापेक्षा आयटीआयच्या किंवा अकरावी-बारावीच्या मुलांपुढे ठेवावीत. रॅम काढून पुसून परत बसवणं, पंख्यातली धूळ काढणं, पॉवर सप्लाय तपासणं हे मोडायची भीती नसलेल्या मशीनवरच शिकता येतं. नव्या लॅपटॉपला कुणी हात लावू देत नाही.

जुनं मशीन जागं कसं करायचं?

बहुतेक वेळा ते मेलेलं नसतंच. एक उदाहरण पुरेसं आहे. भेट मिळालेलं मशीन सुरू होतं, पण कुठलीच वेबसाइट उघडत नाही, सगळीकडे सुरक्षेचा इशारा येतो. ‘इंटरनेट खराब आहे’ म्हणून ते बाजूला पडतं. खरं कारण अनेकदा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचं असतं. तो संपला की प्लग काढताच मशीन तारीख विसरतं आणि कित्येक वर्षं मागे जातं. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवर चालतं, त्यामुळे मशीनला प्रत्येक साइट खोटी वाटते. सीआर२०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

यानंतर दोन गोष्टी बघायच्या. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी छोटी एसएसडी, आणि रॅम किमान ४ जीबी. बंद मशीनमधली रॅम चालूमध्ये टाकली तर तोही खर्च वाचतो. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली. मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी लिनक्समध्ये आधीपासून असते. फारच जुनी, ३२-बिटची मशीन असतील तर मात्र हात आवरता घ्यावा. २०२५ मध्ये डेबियननेही आपल्या नव्या आवृत्तीत अशा मशीनवर नव्याने इन्स्टॉल करायची सोय बंद केली, आणि लिनक्सच्या अनेक आवृत्त्या तिच्यावरच उभ्या आहेत.

लिनक्स शाळेत चालतं का, ही शंका केरळने केव्हाच मिटवली आहे. तिथल्या सरकारी शाळा अनेक वर्षांपासून मोफत सॉफ्टवेअरवरच शिकवतात. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळांमधले विद्यार्थी गटही आहेत, जे लॅबच्या देखभालीत हात लावतात.

घोडं पेंड खातं कुठे?

देखभालीत. आणि महाराष्ट्राने हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. आयसीटी योजनेत राज्यातल्या सुमारे ८ हजार शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने कॉम्प्युटर लॅब आल्या. कंपनीने लॅब उभारायची, पाच वर्षं चालवायची, मग शाळेच्या ताब्यात द्यायची अशी पद्धत होती. करार संपला तेव्हा कॉम्प्युटर शाळेकडे आले आणि ते शिकवणारे निदेशक बेरोजगार झाले. त्यांची आंदोलनं झाली. पाच वर्षं जुनं यंत्र आणि ते चालवायला कुणी नाही, म्हणजे भेट मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरची जी अवस्था होते तीच.

त्यात डेडस्टॉक रजिस्टरची भीती. शाळेत आलेली वस्तू एकदा नोंदवहीत चढली की निर्लेखनाची मंजुरी मिळाल्याशिवाय ती काढता येत नाही. मुख्याध्यापक काय करतात? खोलीला कुलूप लावतात. मशीन चोरीला गेलं किंवा मोडलं तर जबाबदारी त्यांची, वापरलं नाही तर कुणी विचारत नाही. यात त्यांचा दोष काढणं सोपं आहे, पण नियमच असा आहे की कुलूप हाच शहाणपणा ठरतो.

वीजबिलही आहेच. जाड मॉनिटरचं जुनं मशीन सहज दीडशे वॅट खातं. अशी दहा मशीन रोज चार तास चालली तर दिवसाला ६ युनिट, महिन्याच्या २५ दिवसांत १५० युनिट. बिल थकलं म्हणून जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यात नव्या नाहीत, तेव्हा हे बिल कोण भरणार हे मशीन घेण्याआधी ठरलं पाहिजे.

आणि शेवटी कचरा. जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या संस्थांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यायचा असतो. बंद पडलेली मशीन ‘दान’ केली की ही जबाबदारी गुपचूप गावाच्या गळ्यात पडते. हे जगभर होतं. २००५ मध्ये बेसल अ‍ॅक्शन नेटवर्क या संस्थेने नायजेरियातल्या लागोस बंदराचा अहवाल काढला होता, त्यात मदत आणि पुनर्वापराच्या नावाखाली येणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरांपैकी बराच मोठा हिस्सा दुरुस्त करण्याच्या लायकीचाच नसल्याचं म्हटलं होतं.

म्हणून घेणाऱ्याने थोडं निर्लज्ज व्हावं. देणाऱ्याला आधीच सांगावं, जाड मॉनिटर नको, चालू करून दाखवलेलंच मशीन हवं, दहा मशीनमागे एक एसएसडीचा पुडकाही द्या. मशीन परत न्यायची वेळ आली तर कोण नेणार, तेही लिहून घ्यावं. देणाऱ्यानेही डिस्क पूर्ण पुसून द्यावी. पतसंस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये सभासदांचे पॅन, आधार, सह्यांचे फोटो असतात, आणि फाइल नुसती डिलीट केली तर ती साध्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येते.

संख्येचा मोहही सोडावा लागतो. अभ्यासिकेला वीस मशीन देऊ करणारा भेटला, तर चार चालू, दोन सुट्या भागांसाठी, बाकीची परत, एवढंच घेणं परवडतं. त्या चार मशीनची किल्ली कुणाकडे, बिघडलं तर फोन कुणाला आणि संध्याकाळी सातनंतर खोली कोण उघडी ठेवणार, ही तीन नावं आधी कागदावर लिहावीत. नावं सापडली नाहीत, तर फोटो काढण्याआधीच नको म्हणून सांगायला हरकत नाही.