विश्लेषण : तोंडात गाठ लागली, घाबरायचे कधी, थांबायचे किती?

जिभेला गालाच्या आत गाठ लागते आणि मन थेट कर्करोगापर्यंत पोहोचते. खरे तर अशा बहुतेक गाठी साध्या असतात. गाल दाताखाली आलेला असतो, लाळेची ग्रंथी तुंबलेली असते किंवा किडलेल्या दाताचे गळू असते.

डॉक्टरांकडे कधी जावे?
गाठ, व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्ण उघडेना किंवा मानेत गाठ आली, तर दंतवैद्यांना अथवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. ‘दुखत नाही’ म्हणून थांबू नये. सुरुवातीचा मुखकर्करोग अनेकदा दुखतच नाही. तंबाखू, सुपारी किंवा मद्य घेणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.

नुसते तोंड पाहून काय होते?
केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू तपासणीमुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले होते.

मग अडते कुठे?
महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पण बंदी आधी खाल्लेल्याचा हिशेब पुसत नाही. त्यासाठी तपासणीच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील फक्त ०.९ टक्के महिला आणि १.२ टक्के पुरुषांनी ही तपासणी कधी तरी करून घेतली होती. ती काही मिनिटांत होते. बहुतेकांना त्यातून दिलासाच मिळतो आणि उरलेल्यांना उपचारासाठी वेळ.