वाजवतंय कोण?

नेटवरून पियानोचं एखादं वादन कोणी पाठवलं, की ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया साधारण दोन पठडीतल्या असतात. एक, "डोळ्यांत पाणी आलं हो". दुसरी, "ठीक आहे, पण आमच्या अमक्याची सर नाही". दोन्ही अगदी मनापासून असतात. आणि दोन्ही बऱ्याचदा पहिला स्वर कानावर पडायच्या आत अर्ध्याअधिक तयार असतात, कारण नाव आधी वाचलेलं असतं.

हे मी कुजकटपणे म्हणत नाहीये. या विषयावर एक अख्खं प्रकरण २००७ साली घडून गेलंय आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला ते विशेष आवडावं असं आहे, कारण त्यात चोरी पकडली ती डेटाबेसने. पण ते प्रकरण ज्या पद्धतीने सांगितलं जातं (समीक्षकांची कशी जिरली वगैरे) ते मला अजिबात पटत नाही. म्हणून हा खटाटोप.

जॉइस हॅटो नावाच्या एक इंग्लिश पियानोवादक होत्या. जन्म १९२८चा. खोट्या नव्हेत, खरोखरच्या वादक. १९७०च्या सुमाराची त्यांची काही ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. पुढे त्याच दशकात त्यांनी मैफली सोडल्या. कारण कॅन्सर, असं सांगितलं गेलं. मग २००० नंतर त्यांचा नवरा विल्यम बॅरिंग्टन-कूप याने स्वतःच्या छोट्याशा कंपनीतून त्यांच्या सीडी काढायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही, शंभराच्या वर! बेथोव्हन, मोझार्ट, लिझ्ट, शोपँ, रखमानिनॉव्ह, प्रोकोफिएव्ह. ज्या रचनांना भलेभले वादक हात लावायला घाबरतात त्या गॉडॉव्स्कीच्या करामतीसुद्धा. सत्तरी ओलांडलेली बाई, दुर्धर आजार, आणि बोटांत हे असलं वादळ! नेटवरच्या रसिकांच्या गटांमध्ये या सीडींची चर्चा सुरू झाली, तिथून ती वर्तमानपत्रांत गेली, तिथून 'ग्रामोफोन' या लंडनच्या दबदबा असलेल्या मासिकात. जून २००६ मध्ये हॅटोबाई वारल्या तेव्हा मृत्युलेख कौतुकाने ओथंबलेले होते.

आता भानगड कशी उघडकीला आली ते. यात थोडं तांत्रिक आहे, पण कंटाळा येणार नाही.

ऑडिओ सीडीच्या मूळ रचनेत गाण्याचं नाव लिहायची सोयच नव्हती. मग काँप्युटरमध्ये सीडी टाकल्यावर नावं दिसतात कुठून? १९९०च्या दशकात काही हिकमती लोकांनी युक्ती काढली. सीडीवर ट्रॅक किती, आणि प्रत्येक ट्रॅक नेमका कुठे सुरू होतो, एवढंच मोजायचं. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, त्यामुळे हे माप चांगलं बारीक असतं. बारा ट्रॅकच्या दोन वेगवेगळ्या सीडींची सगळी मापं जुळून येणं जवळपास अशक्य. म्हणजे तो आकड्यांचा संच हाच त्या सीडीचा अंगठा. तो सर्व्हरला पाठवायचा, सर्व्हर नाव सांगतो. पुढे याच डेटाबेसचं ग्रेसनोट झालं आणि आयट्यून्स त्यालाच विचारू लागलं.

२००७च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका श्रोत्याने हॅटोबाईंची लिझ्टच्या बारा एट्यूड्सची सीडी मशीनमध्ये सरकवली. आयट्यून्स म्हणालं, हे लास्लो सिमोन! हा हंगेरियन वादक. त्याची तीच सीडी बिस या स्वीडिश कंपनीने काढलेली. एका समीक्षकामार्फत गोष्ट 'ग्रामोफोन'पर्यंत पोचली, आणि प्रिस्टीन ऑडिओच्या अँड्र्यू रोझने दोन्हींचे ध्वनितरंग एकावर एक ठेवून पाहिले. बरेचसे ट्रॅक तंतोतंत तेच. पुढे इतर सीडींमध्ये काही ठिकाणी वेगात थोडा फेरफार केलेलाही सापडला, ओळखू येऊ नये म्हणून.

त्याच सुमाराला लंडन विद्यापीठातल्या निकोलस कुक आणि क्रेग सॅप यांचं भलतंच काम चालू होतं. शोपँच्या माझुर्का वेगवेगळे वादक कशा वाजवतात, प्रत्येक ठोका किती लांबवतात, हे ते मोजत होते. त्यात हॅटो आणि यूजेन इंजिक या दोघांचे आकडे एकमेकांशी इतके जुळले, की माझ्यासारख्याला पहिली शंका यावी ती 'एकच फाईल चुकून दोनदा कॉपी झाली का?' हीच. एका अर्थी झालं तसंच होतं. फक्त चुकून नाही.

मग रांगच लागली. रखमानिनॉव्हचा तिसरा कन्चेर्टो निघाला येफिम ब्रॉन्फमनचा, ब्राम्सचा दुसरा अश्केनाझीचा, मोझार्टचे सोनाटा इन्ग्रिड हेब्लरचे. कन्चेर्टोंचा संचालक म्हणून जो रेने कोलर छापलेला होता, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. चरित्र मात्र छान रचलेलं. बॅरिंग्टन-कूपने फेब्रुवारी २००७ मध्येच बिसच्या प्रमुखाला पत्र लिहून कबुली दिली. त्याचं म्हणणं, मुद्रणाच्या वेळी बायको वेदनेने कण्हायची, ते आवाज झाकायला त्याने आधी इतरांचे छोटे तुकडे जोडले, मग तुकडे वाढत गेले. आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

झालं. जगभर हशा. ब्रॉन्फमनचं मुद्रण पूर्वी कोमट वाटलेल्या समीक्षकाला तेच मुद्रण हॅटोच्या नावाखाली थोर वाटलं होतं, हे कोणीतरी शोधून काढलं आणि मग तर काय, सगळी समीक्षाच थोतांड, सगळे रसिक ढोंगी, असा निकाल लागला.

माझं म्हणणं वेगळं आहे. "हे उत्तम वाजवलंय" असं म्हणणाऱ्यांचं काय चुकलं? वाजवलेलं उत्तमच होतं! चोराला पारख होती, त्याने भंगार उचललंच नाही. कानांनी आपलं काम केलं. फसगत झाली ती दुसऱ्या दोन ठिकाणी, आणि त्या दोन्हींबद्दल हसणारे फारसे बोलत नाहीत.

पहिली जागा: हेब्लरचा मोझार्ट आणि ब्रॉन्फमनचा रखमानिनॉव्ह एकामागून एक ऐकून लोकांना त्यात एकाच बाईचं पक्व, सोसलेलं व्यक्तिमत्त्व ऐकू आलं. ते तिथे नव्हतंच. तरी ऐकू आलं. याचं कारण माझ्या मते पियानो या यंत्रातच आहे. हातोडी तारेवर आपटली की वादकाचा त्या स्वरावरचा ताबा जवळजवळ संपला. मींड नाही, गमक नाही, स्वर लावून तो हळूहळू फुलवणं नाही. आणि रचना तर आधीच लिहिलेली, स्वर न् स्वर. आपल्याकडे मैफलीत "कोण गातंय?" या प्रश्नाला अर्थ असतो, कारण गाणारा तिथे बसून राग मांडत असतो, चार आवर्तनांत घराणं कळतं. पियानोवर लिझ्ट वाजवणाऱ्याकडे स्वतःचं म्हणून उरतं ते एवढंच: कुठला स्वर किती वजनाने आणि सेकंदाचा कितवा हिस्सा आधी किंवा नंतर. क्रेग सॅप मोजत होता ते बऱ्याच अंशी हेच. हा फरक ऐकायला कानांना कष्ट पडतात, आणि गोष्ट ऐकायला पडत नाहीत. म्हणून गोष्ट पुढे सरकते आणि खुर्ची पकडून बसते.

बरं, ही गोष्ट नेहमी खोटीच असते असंही नाही. मारिया ज्वाँव पिरेश यांची एक क्लिप २०१३च्या सुमाराला सगळीकडे फिरत होती. ॲमस्टरडॅमला दुपारची खुली तालीम, संचालक रिकार्दो शायी, ऑर्केस्ट्रा मोझार्टचा डी मायनर कन्चेर्टो सुरू करतो आणि बाईंच्या लक्षात येतं, की आपण तर दुसराच तयार करून आलोय! या कन्चेर्टोत पियानो शिरायच्या आधी ऑर्केस्ट्राला दोनेक मिनिटं मिळतात. तेवढ्यात त्यांचा चेहरा पडतो, सावरतो, आणि मग त्या आठवणीतून वाजवायला लागतात. घटना खरी, कौतुकही रास्त. पण ती क्लिप मला पाठवणाऱ्या आठ-दहा जणांपैकी प्रत्येक जण त्यांच्या चेहऱ्याबद्दल बोलला. पियानोचं ते पहिलं एकटं वाक्य कसं आलं याबद्दल एकही नाही. (त्याच वर्षी चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा निबंध आला होता. संगीत स्पर्धेतल्या विजेत्याला लोकांनी आवाज ऐकून जितकं ओळखलं, त्याहून जास्त अचूक ओळखलं ते आवाज बंद केलेल्या व्हिडिओवरून. व्यावसायिक संगीतकारांनीसुद्धा!)

दुसरी जागा मला जास्त टोचते. हॅटोबाईंविषयी काही श्रोत्यांनी २००७च्या आधीच शंका काढल्या होत्या. इतकं सगळं एक आजारी व्यक्ती वाजवेल कशी? हा कोलर कोण? प्रश्न साधे होते, डिबगिंग करणारा कोणीही विचारेल असे. पण त्यांना उत्तर काय मिळालं, तर मरणाऱ्या बाईवर शिंतोडे उडवता, लाज नाही वाटत? २००६ मध्ये 'ग्रामोफोन'मधूनच या शंकेखोरांना आव्हान दिलं गेलं, की कोर्टात टिकेल असा पुरावा असेल तर आणा. म्हणजे वादन आवडणं हे मत राहिलं नव्हतं, ती निष्ठा झाली होती. एकदा प्रतिक्रिया निष्ठा झाली, की तिला तपासणारा माणूस आपोआप दुष्ट ठरतो. हे चित्र आपल्याला अनोळखी आहे असं कोणी म्हणू नये :)

आणि या सगळ्या गदारोळात ज्यांचा खिसा खरोखर कापला गेला ते कुठे आहेत? इंजिक १९७०च्या वॉर्सामधल्या शोपँ स्पर्धेत चौथा आला होता. त्याने माझुर्का मुद्रित केल्या १९८८ साली. तेच स्वर, तीच बोटं. जवळपास वीस वर्षं त्या दुकानात होत्या आणि त्यांच्यावरून कोणी भांडलं नाही. त्यावर आजारी इंग्लिश बाईचं नाव चिकटलं आणि लोक रडायला लागले. रडणं खरं होतं हो, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते ज्याच्या हातांना मिळायला हवं होतं, त्याच्याकडे सांगायला गोष्ट नव्हती. नीट शिकला, नीट वाजवलं, संपलं. अशा माणसाचं काय करायचं, याचं उत्तर ना समीक्षकांकडे आहे ना व्ह्यूज मोजणाऱ्या सर्व्हरकडे.

आम्ही पाच-सहा जण एकमेकांना संगीत पाठवतो, त्यांच्यापुरता मी एक नियम केलाय. पाठवायचं ते नाव काढून, नुसती फाईल. टॅगसुद्धा पुसून. नाव दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. एक मित्र स्पष्ट म्हणाला, "आधी सांग कोणाचं आहे, मग ठरवतो ऐकायचं की नाही." दुसऱ्याने सहा मिनिटं ऐकून लिहिलं, "डावा हात जरा मागे राहतो, मुद्दाम असावं, मला आवडलं." एवढंच. त्यात डोळ्यांत पाणी नाही, कोणाची सर नाही. इतकी चांगली दाद मी या ग्रुपवर त्याआधी वाचली नव्हती.

नियमाचा एक तोटा कबूल करतो: व्हिडिओ पाठवता येत नाही, आणि पियानो वाजवणारे हात बघण्यातही एक मजा आहेच. ती मी चोरून एकटा घेतो.

इंजिकच्या माझुर्का मिळवून जरूर ऐका. ओपस १७ मधली चौथी, ए मायनरमधली, तिच्यापासून सुरुवात करा. तिचा शेवट नीट ऐका. संपतच नाही ती, मध्येच सोडून दिल्यासारखी थांबते. अर्थात नाव मी आता सांगून बसलोय, त्याला इलाज नाही.